मेंदूत दोन गाठी, दोन निदानं



घरात कुणी इंजिनीअर असला की डॉक्टरांचे रिपोर्ट वाचायचं काम आपसूक त्याच्याकडे येतं. आमच्या टिळकवाडीत तरी तसंच आहे. काकांची शुगर, आत्याचं थायरॉइड, शेजारच्या आजोबांचा एमआरआय, सगळं व्हॉट्सॲपवर येऊन पडतं आणि खाली एक ओळ असते, "बघ रे जरा, काय म्हणतंय ते." मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नव्हे, हे सांगून उपयोग नसतो. इंग्रजी वाचता येतं ना, मग झालं!

साध्या रिपोर्टांचं ठीक आहे. पण मेंदूच्या एमआरआयमध्ये एकापेक्षा जास्त गाठी दिसतात असं लिहिलेलं असलं की अख्ख्या घराचा धीर सुटतो. एका गाठीचं नाव काढलं तरी माणसं हादरतात. दोन म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो, "पसरलंय." मग पुढचं सगळं त्या एका शब्दावर ठरू लागतं. आता ऑपरेशनचा काय उपयोग, या वयात कशाला त्रास द्यायचा, घरीच ठेवू या, इथपर्यंत बोलणी जातात.

म्हणून या वेळी सदरात हाच विषय घेतोय. दोन गाठी म्हणजे दर वेळी पसरलेला एकच रोग नसतो. कधी कधी एकाच माणसाच्या डोक्यात दोन वेगळ्या जातींच्या गाठी असतात. एक सौम्य आणि एक गंभीर, किंवा दोन्ही सौम्य. असं क्वचित घडतं, पण घडतं, आणि ते वेळेत ओळखलं तर उपचारांची दिशाच बदलते.

'मेंदूची गाठ' हे एका रोगाचं नाव नव्हे

मेंदूभोवती पातळ आवरणं असतात. त्या आवरणांच्या पेशींपासून वाढते ती मेनिन्जिओमा. अमेरिकेचे न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग यांनी १९२२ मध्ये तिला हे नाव दिलं. ही बहुतेक वेळा सावकाश वाढणारी, कॅन्सर नसलेली गाठ. मेंदूच्या आत चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लायल पेशी असतात, त्यांच्यापासून होतो तो ग्लायोमा. त्यातला सर्वांत आक्रमक प्रकार ग्लायोब्लास्टोमा. कानाकडे जाणाऱ्या नसेच्या वेष्टणातून श्वानोमा होतो, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ॲडेनोमा, आणि रोगप्रतिकारक पेशींपासून लिम्फोमा. शिवाय फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर रक्तातून मेंदूत पोहोचून तिथे गाठी करू शकतो. त्याला मेटास्टॅसिस म्हणतात. घरातल्यांचा "पसरलंय" हा शब्द खरा लागू पडतो तो इथे.

या सगळ्यांना आपण 'गाठ' या एकाच शब्दात बसवतो. पण एखाद्या गाठीवर नुसतं लक्ष ठेवणं पुरतं, एखादी गोळ्यांनी आकसते, एखादीला ऑपरेशन लागतं, तर एखादीला ऑपरेशननंतर रेडिएशन आणि केमोही. त्यामुळे गाठी किती, याच्या आधी गाठ कुठली, हा प्रश्न येतो. आणि तो प्रत्येक गाठीबद्दल वेगळा विचारावा लागतो.

एक बग की दोन?

आमच्या कामात एखादी सिस्टिम बंद पडली आणि लॉगमध्ये दोन एरर दिसले, तर आम्ही आधी दोन्हींमागचं एकच कारण शोधतो. बहुतेक वेळा ते सापडतंही. डॉक्टरांची सवयही तीच असते. कमीत कमी कारणं धरून जास्तीत जास्त लक्षणांचा उलगडा करायचा, हा विचार चौदाव्या शतकातल्या विल्यम ऑफ ऑकम या इंग्रज विचारवंताच्या नावाने ओळखला जातो. पण वैद्यकात त्याला उत्तर देणारा दुसराही नियम आहे. अमेरिकेतल्या जॉन हिकम या डॉक्टरांच्या नावाने तो सांगतात. त्याचा मतलब असा की एका रोग्याला एका वेळी कितीही रोग असू शकतात, त्याला कुणी अडवलेलं नाही. पहिल्या नियमाने शोध सुरू होतो. दुसरा नियम तो शोध घाईने बंद करू देत नाही.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. १९९० मध्ये अमेरिकेतल्या डॉ. रॉय पॅचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५४ रुग्ण होते. सगळ्यांना शरीरात दुसरीकडे कॅन्सर झालेला होता आणि मेंदूत एक गाठ दिसत होती. स्कॅनवरून ती पसरलेल्या कॅन्सरचीच वाटत होती. प्रत्यक्ष गाठ काढून किंवा तिचा तुकडा घेऊन तपासलं तेव्हा ५४ पैकी ६ जणांच्या बाबतीत ते मेटास्टॅसिस नव्हतंच. काहींना मेंदूतच सुरू झालेली वेगळी गाठ होती, काहींना संसर्ग किंवा सूज होती. म्हणजे जवळपास नऊ जणांत एक! आजचे स्कॅन तेव्हापेक्षा खूप सुधारलेत, पण धडा तोच आहे.

आपल्या देशात आणखी एक सावधगिरी लागते. फिट आल्यावर सीटी स्कॅनमध्ये छोटासा चमकणारा डाग दिसला की एके काळी तो टीबीचाच समजून औषधं सुरू करत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अशा डागांचे तुकडे तपासले आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात दाखवून दिलं की असे डाग पट्टकृमीच्या अळीमुळेही होतात. म्हणजे स्कॅनमधला प्रत्येक डाग गाठच असतो असंही नाही. दोन डागांपैकी एक गाठ आणि दुसरा जुना टीबी किंवा जंत, हेही शक्य आहे.

दोन जातींच्या गाठी एकत्र येतात कशा?

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. तोपर्यंत गाठीचा अंदाज आडवळणानेच बांधावा लागे, आणि त्रास न देणारी दुसरी गाठ अनेकदा शवविच्छेदनातच सापडे. स्कॅन आल्यावर अशा जोड्या जिवंतपणी दिसू लागल्या. १९८१ मध्ये मेयो क्लिनिकच्या डीन आणि लॉज या डॉक्टरांनी वेगवेगळ्या पेशींच्या गाठी एकाच मेंदूत असलेल्या रुग्णांवर लेखच लिहिला. अशा जोड्यांमागे मुख्यतः तीन कारणं सांगता येतात.

पहिलं कारण म्हणजे निव्वळ योगायोग. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात सर्वसामान्य २,००० लोकांचे मेंदूचे एमआरआय काढले गेले. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. या लोकांचं सरासरी वय ६३ होतं. त्यांच्यापैकी ०.९ टक्के लोकांना मेनिन्जिओमा होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आता साधं गणित करा. हजार वयस्क माणसांत अशी नऊ माणसं असतील, तर ग्लायोमा झालेल्या हजार वयस्कांतही योगायोगानेच तेवढी निघणार. एका गाठीसाठी केलेल्या स्कॅनमध्ये दुसरी गाठ सापडते. ती कदाचित दहा वर्षं तिथेच होती, कुणी बघितलं नव्हतं इतकंच.

दुसरं कारण जन्मजात. एनएफ२ नावाचं एक जनुक २२ व्या गुणसूत्रावर असतं. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं मर्लिन हे प्रथिन ते बनवतं. त्यात दोष असेल तर दोन्ही कानांच्या नसांवर श्वानोमा आणि त्यासोबत मेनिन्जिओमाही होऊ शकतात. हा विकार साधारण २५ ते ३३ हजार जन्मांमागे एकाला होतो. अशा रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या आई-वडिलांत हा दोष नसतो, तो त्यांच्यात नव्याने आलेला असतो. पण पुढच्या पिढीत प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्म्यापर्यंत असते. म्हणून तरुण वयात दोन-तीन गाठी निघाल्या तर जनुकीय तपासणीचं विचारायलाच हवं. इथे प्रश्न फक्त रुग्णाचा नसतो, त्याच्या मुलांचाही असतो.

तिसरं कारण लहानपणी डोक्याला मिळालेलं रेडिएशन. १९५० च्या आसपास इस्राएलमध्ये बाहेरून आलेल्या हजारो मुलांना डोक्यातल्या गजकर्णासाठी क्ष-किरण दिले गेले. तेव्हा तो मान्य उपचार होता. पुढे अशा १०,८३४ जणांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला. १९८८ च्या निष्कर्षांनुसार त्यांच्यात मेनिन्जिओमाचं प्रमाण इतरांच्या साधारण साडेनऊ पट आणि ग्लायोमाचं अडीच पटीहून जास्त आढळलं. म्हणजे एकाच कारणाने दोन वेगळ्या जातींच्या गाठींचा धोका वाढला. यावरून साध्या एक्स-रेची भीती घेऊ नका, आणि एमआरआयमध्ये तर हे किरण नसतातच. पण लहानपणी डोक्याला रेडिएशन घेतलेलं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्टही इथे कामाची असते.

प्रत्येक गाठीला तिचं नाव

निदानाची सुरुवात कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या एमआरआयने होते. गाठ आवरणाला चिकटलेली आहे की मेंदूच्या आत आहे, कडा रेखीव आहेत की अस्पष्ट, भोवती सूज किती, यावरून रेडिओलॉजिस्टना बराच अंदाज येतो. गरज पडली तर गाठीतला रक्तप्रवाह आणि रसायनं दाखवणारे एमआरआयचेच पुढचे प्रकार करतात. मेटास्टॅसिसची शंका असेल तर छाती आणि पोटाचा स्कॅन किंवा पेट स्कॅन होतो. गाठ पिट्युटरीत असेल तर रक्तातली हार्मोन्स तपासतात.

पण हे सगळे अंदाज. शेवटचा शब्द तुकडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचा. दोन गाठींतून तुकडे घेतले तर दोन वेगळ्या बाटल्या, दोन वेगळी लेबलं आणि दोन वेगळे निष्कर्ष हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार अनेक गाठींचं नाव आता सूक्ष्मदर्शकाबरोबर जनुकीय चाचण्यांवरूनही ठरतं, त्यामुळे रिपोर्ट यायला वेळ लागतो. तो वेळ वाया गेलेला नसतो. कधी तर एकाच दिसणाऱ्या गाठीत दोन रोग निघतात. उदाहरणार्थ, स्तनाचा किंवा फुप्फुसाचा कॅन्सर जाऊन आधीपासून असलेल्या मेनिन्जिओमातच वस्ती करतो. असा प्रकार स्कॅनवर ओळखणं फार कठीण.

एक बारकावा घरच्यांनी माहीत करून घ्यावा. मेंदूची सूज उतरवायला स्टेरॉइड देतात आणि त्याने रुग्णाला पटकन बरं वाटतं. पण गाठ लिम्फोमाची असेल तर स्टेरॉइडने ती तात्पुरती विरघळू शकते, आणि मग तुकड्यात काही सापडत नाही. म्हणून लिम्फोमाची शंका असेल आणि रुग्णाची प्रकृती साथ देत असेल, तर डॉक्टर तुकडा घेईपर्यंत स्टेरॉइड लांबवतात. "औषध का देत नाहीत?" असं रागावून विचारण्याआधी त्यामागचं कारण विचारलेलं बरं.

आधी कुठली?

नावं कळली की क्रम ठरतो. स्कॅनवर मोठी दिसते ती आधी, असा हा हिशेब नसतो. कुठली वेगाने वाढतेय, कुठली मेंदूवर दाब देतेय, आणि रुग्णाचा त्रास नक्की कुठल्या गाठीमुळे आहे, यावर तो ठरतो.

समजा, एक ग्लायोब्लास्टोमा आहे आणि दुसरा छोटा, त्रास न देणारा मेनिन्जिओमा. मग सगळं लक्ष पहिल्याकडे. जमेल तेवढी गाठ सुरक्षितपणे काढायची, मग सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड हे औषध. ही पद्धत २००५ मध्ये रूढ झाली. त्या अभ्यासात नुसत्या रेडिएशनने रुग्णांचं मध्यम आयुर्मान १२.१ महिने होतं, औषध जोडल्यावर ते १४.६ महिने झालं. आकडे कठोर आहेत, लपवण्यात अर्थ नाही. अशा वेळी छोट्या मेनिन्जिओमासाठी वेगळं ऑपरेशन करून हातातले महिने खर्ची घालायचे का, याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं. त्याच्यावर पुढच्या स्कॅनमध्ये लक्ष ठेवतात. मात्र दोन्ही गाठी शेजारी असतील आणि कवटीच्या एकाच खिडकीतून हाताला लागत असतील, तर सर्जन एकाच वेळी दोन्ही काढू शकतात.

आता दुसरी जोडी घ्या. एक मेनिन्जिओमा आणि एक पिट्युटरीची गाठ. रक्तात प्रोलॅक्टिन हे हार्मोन खूप वाढलेलं निघालं आणि ती प्रोलॅक्टिनोमा ठरली, तर ती अनेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते. म्हणजे एका साध्या रक्त तपासणीने एक ऑपरेशन टळू शकतं.

एनएफ२ च्या रुग्णात प्रश्न आणखी नाजूक. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी. दोन्ही काढल्या तर दोन्ही कान जाऊ शकतात. तिथे गाठ काढण्याइतकंच ऐकू येणं टिकवणं महत्त्वाचं असतं, त्यामुळे कधी थांबायचं हेही उपचारातच येतं. बेव्हॅसिझुमॅब या औषधाने अशा काही रुग्णांच्या गाठी आकसल्या आणि ऐकणं सुधारलं, असं २००९ मध्ये दिसून आलं.

उलट बाजूही बघा. सौम्य गाठीला चुकून मेटास्टॅसिस समजलं, तर काढून टाकता आली असती अशी गाठ डोक्यातच राहते. कदाचित संपूर्ण मेंदूला रेडिएशन दिलं जातं आणि त्याचा परिणाम स्मरणशक्तीवर होऊ शकतो. "पसरलंय" या एका शब्दाची किंमत एवढी असू शकते.

आपण काय करायचं?

बेळगावात केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे, त्याच संस्थेचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे. जुनी पिढी मोठ्या दुखण्यासाठी मिरजेला जायची, काही जण आजही जातात. दुसरं मत हवं असेल तर मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बेंगळुरूचं निम्हान्स, दोन्हीकडे आपल्यापासून साधारण पाचशे किलोमीटर. पेशंटला घेऊन एवढा प्रवास करण्याआधी कागद पाठवून मत मिळतं का, हे जरूर विचारावं.

आणि इथे आपल्या पिढीचं काम सुरू होतं. एमआरआयच्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो डॉक्टरांच्या फारसा उपयोगाचा नसतो. स्कॅन सेंटरकडून सीडी किंवा लिंक मागा, त्यात डायकॉम फाइल असतात. त्या उघडल्या की डॉक्टर प्रत्येक थर स्वतः बघू शकतात. जुने स्कॅन कपाटात असतील तर तेही काढा. पाच वर्षांपूर्वीच्या फोटोतही एक गाठ तेवढीच असेल, तर ती सावकाश वाढणारी आहे याचा तो मोठा पुरावा आहे. तुकडा तपासला असेल तर स्लाइड आणि मेणातले ब्लॉक सांभाळून ठेवायला सांगा, दुसऱ्या ठिकाणी पुन्हा सगळं करावं लागणार नाही.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. दोन्ही गाठी एकाच जातीच्या आहेत असं कशावरून? तुकडा कुठल्या गाठीचा घेणार आणि दुसरीचं काय? आधी कुठली, आणि का? ही केस ट्यूमर बोर्डापुढे जाईल का? ट्यूमर बोर्ड म्हणजे सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, केमोचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात ती बैठक. दोन गाठींच्या रुग्णाला तिची गरज सर्वांत जास्त.

खर्चाचंही आधीच बघा. कर्नाटकात बीपीएल कुटुंबांना आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. महाराष्ट्र सरकारनेही २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. आपल्या कार्डावर, निवडलेल्या दवाखान्यात, नेमक्या कुठल्या उपचाराला मंजुरी मिळते, हे योजनेच्या खिडकीवर विचारून घ्या. ऑपरेशन दोन असतील तर दोन्हींबद्दल विचारा.

आणखी एक. आपल्याकडे "आईला सांगू नका हं" असं कुजबुजत सगळं ठरवलं जातं. पण एक गाठ काढायची आणि दुसरी ठेवायची, असा निर्णय असेल तर तो तिच्या डोक्याबद्दलचा आहे. तिला झेपेल अशा शब्दांत सांगा, पण सांगा. "आई, दोन गाठी आहेत, दोन्ही वेगळ्या असू शकतात, डॉक्टर तपासतायत," हे वाक्य खरंही आहे आणि धीर देणारंही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाच्या रिपोर्टात दोन गाठी दिसल्या, तर तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत "पसरलंय" हा शब्द घरात कुणाला उच्चारू देऊ नका. तोपर्यंत सीडी, जुने स्कॅन आणि चार प्रश्न तयार ठेवा. काळजी घ्या, पुढच्या अंकात भेटू.